बाळंतपणात हॉस्पिटलची चूक झाली असं वाटतंय? मग आधी फाइल हातात घ्या

माझ्या भाचीचं बाळंतपण इथं इंदूरलाच झालं, हॉस्पिटलचं नाव घेत नाही. बाळाचा खांदा अडकला, ओढाओढ झाली आणि उजवा हात लुळा पडला. डॉक्टर म्हणाले अर्ब्ज पाल्सी आहे, म्हणजे खांद्याजवळच्या नसा ताणून हात लुळा पडतो, होईल हळूहळू बरं. मग काय, रोज फिजिओ, मालिश, कुणी सांगितलं त्या वैद्यांकडे जा, आणि घरात तेच आपलं 'जाऊ दे, कशाला कोर्टकचेरी'. वकिलाकडे गेलो तेव्हा पोरगी पावणेदोन वर्षांची झालेली आणि तिथं कळलं की उपभोक्ता आयोगात, म्हणजे ग्राहक आयोगात, तक्रार २ वर्षांच्या आत टाकावी लागते. उशीर माफ होऊ शकतो, पण त्याला सबळ कारण लागतं. म्हणून दिवस मोजायचे ते डिलिव्हरीच्या तारखेपासूनच मोजा.

उरलेल्या तीन महिन्यांतला एक फाइल मिळवण्यातच गेला. आणि डिस्चार्ज कार्ड म्हणजे फाइल नव्हे हो! पूर्ण केस पेपर मागायचे: कळांचा तक्ता म्हणजे पार्टोग्राफ, नर्सच्या नोंदी, संमतीपत्र, बाळाचा अपगार स्कोअर म्हणजे जन्मल्या जन्मल्या तब्येतीला दिलेले गुण, बाळ काचेत ठेवलं असेल तर एनआयसीयूचे कागद, आणि सीटीजीची, म्हणजे बाळाचे ठोके नोंदवणाऱ्या मशीनची, ती लांब पट्टी. बाळाचे ठोके कधी कमी व्हायला लागले आणि डॉक्टर कधी आले हे त्या पट्टीवरच्या वेळेवरून कळतं. पण ती थर्मल कागदाची असते, एटीएमच्या पावतीसारखी पुसट होते. आमची मिळाली तेव्हाच मधला वीतभर तुकडा जवळजवळ कोरा. मिळाल्या दिवशीच फोटो आणि झेरॉक्स काढा.

अर्ज दोन प्रतींत द्या, एकीवर शिक्का आणि तारीख घ्या, शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टनं पाठवा आणि पावती जपा. मेडिकल कौन्सिलच्या नियमानं रेकॉर्ड ७२ तासांत द्यावं लागतं. 'आमची काही तक्रार नाही' असल्या कागदावर मात्र, बिल कमी करतो म्हणाले तरी, सही करू नका.

आता एक कडू गोष्ट. बाळाला इजा झाली म्हणजे निष्काळजीपणा झालाच असं नाही, खांदा सगळी काळजी घेऊनही अडकू शकतो. त्या जागी दुसऱ्या बऱ्या डॉक्टरनं काय केलं असतं, हा प्रश्न असतो. फाइल दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा आणि मत लेखी घ्या. आम्ही गावाबाहेरचे शोधले, इंदूरात सगळे एकमेकांच्या ओळखीचे.

पैसे देऊन उपचार घेतले असतील तर माझ्या मते उपभोक्ता आयोगच बरा. १९९५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून डॉक्टर या कायद्यात येतात. आता २०१९ च्या कायद्यात तुम्ही भरलेलं बिल बघतात, मागितलेली भरपाई नाही. बिल ५० लाखांपर्यंत असेल तर केस जिल्हा आयोगात, आणि ५ लाखांपर्यंत फी शून्य. १९९८ च्या एका निकालात बाळासोबत आई-वडलांनाही ग्राहक मानलंय, तेव्हा स्वतःच्या त्रासाची भरपाईही मागा. घरी मराठी बोललो तरी आमची तक्रार हिंदीतच गेली. निकाल पटला नाही तर ४५ दिवसांत भोपाळला राज्य आयोगात अपील.

सरकारी हॉस्पिटलात सगळ्यांनाच फुकट उपचार असतील तर हा रस्ता सहसा बंद. मग दिवाणी दावा किंवा हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठात याचिका, आणि तिथं वकील लागतोच. तो परवडत नसेल तर जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणात जा, बायका आणि मुलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

डॉक्टरचं लायसन्स हा वेगळा विषय, त्याची तक्रार भोपाळच्या मेडिकल कौन्सिलकडे करायची, पण तिथून पैसे मिळत नाहीत. पोलिसात जायचं तर सुप्रीम कोर्टाच्या २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालामुळे अगदी ढोबळ निष्काळजीपणा दाखवावा लागतो, आणि त्याआधी दुसऱ्या डॉक्टरचं मत. रागाच्या भरात लोक आधी तिकडेच पळतात.

भरपाई ठरते ती खर्चावर, मागच्या आणि पुढच्याही. २०१५ मध्ये एका मुलीला, वेळेआधी जन्मल्यावर डोळ्यांची तपासणी न झाल्यानं दृष्टी गेली म्हणून, सुप्रीम कोर्टानं पावणेदोन कोटींच्या वर दिले, त्यात पुढच्या उपचारांचाही हिशोब होता. म्हणून भाचीनं एक वही केलीय, रोज रात्री पोरगी झोपली की लिहिते: ऑटो ८०, फिजिओ ३००, हाताची पट्टी बदलली. पावत्या त्याच पानाला टाचलेल्या.