पेरणीआधी जमिनीतला स्ट्रेप्टोमायसिस जपा

पहिल्या सरीनंतर मातीला जो वास सुटतो तो मुख्यतः जिओस्मिन या द्रव्याचा. जिओस्मिन बनवणाऱ्यांत स्ट्रेप्टोमायसिस हा जिवाणू आघाडीवर आहे. तो बुरशीसारखे धागे पसरतो, पण हे धागे बुरशीच्या धाग्यांपेक्षा बरेच बारीक असतात. टोकांना बीजाणूंच्या साखळ्या धरतात आणि जमीन सुकली तरी ते बीजाणू तग धरून राहतात.

शेतकऱ्याला याची खरी ओळख औषधांच्या नावांतून असते. 1943 साली स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियसपासून स्ट्रेप्टोमायसिन हे प्रतिजैविक मिळाले. भातावरच्या शीथ ब्लाइट या बुरशीजन्य रोगासाठी वापरतात ते व्हॅलिडामायसिन, करप्यासाठीचे कासुगामायसिन आणि कोळीनाशक अबामेक्टिन, या सगळ्यांचे मूळही याच कुळात आहे. शिवाय बुरशीच्या पेशीभित्तीतले कायटिन पचवणारी विकरे (एन्झाइम) तो सोडतो. त्यामुळे मर आणि मूळकुजीच्या बुरशींना मुळांजवळ पाय रोवणे अवघड जाते. रोग पूर्ण थांबेल असे मात्र धरून चालू नका.

त्याला हवा लागते, म्हणून पाणी तुंबणाऱ्या वावरात आधी चर काढा. सामू (pH) साधारण 6.5 ते 8 असला की तो जोमात वाढतो. आम्लधर्मी जमिनीत माती परीक्षण करूनच चुना द्या. खाद्य म्हणजे काडीकचरा आणि कुजलेले खत. धसकटे जाळू नका, मातीत मिसळा.

खताचा ढीग उकरून बघा. वरचा थर बाजूला सारला की काडीवर पीठ भुरभुरल्यासारखा पांढुरका-राखाडी थर दिसतो. तो बहुतेक वेळा स्ट्रेप्टोमायसिस आणि त्याच्या भाऊबंदांचाच असतो. तिथे खत कोरडे लागले तर पाणी शिंपडा आणि ढीग पालटा. पालटताना तोंडाला फडके नको, धूळ अडवणारा चांगला मास्कच लावा. या धुळीतले बीजाणू वारंवार श्वासात गेले तर फुप्फुसांना सूज येते, आणि हा त्रास अंगावर काढण्यासारखा नाही.

स्ट्रेप्टोमायसिसचे जैविक खत घेतले असेल तर बीजप्रक्रिया सावलीत करा. त्याच बियाण्याला तांबेयुक्त औषध किंवा प्रतिजैविक चोळू नका. प्रतिजैविकांची आळवणी तर मुळीच नको: रोगजंतू त्याला सरावतात आणि उपयोगी जिवाणू मरतात. माणसांच्या उपचारात लागणारी औषधे अशी बोथट होऊ देणे मला गंभीर वाटते.

बटाटेवाल्यांनी थोडे वेगळे वागावे. याच कुळातला स्ट्रेप्टोमायसिस स्कॅबीज बटाट्यावर खवल्या आणतो, आणि कोरडी, चुनखडीची जमीन त्याला मानवते. बटाट्याच्या वावरात लागवडीआधी चुना आणि ताजे शेणखत टाळा. बेणे खवल्याविना निवडा. कंद धरू लागल्यापासून पुढचे काही आठवडे ओल एकसारखी ठेवा, कारण खवल्या कोवळ्या सालीवरच धरतात.