कथेतलं जोडपं वाचकाला खटकतंय? निवेदकाच्या या चुका टाळा

कथा वाचून मैत्रीण म्हणते, 'तुझी नायिका फार किरकिरी आहे गं.' लेखिका चक्रावते, कारण तिच्या डोक्यात ती बाई समजूतदार होती. अशा वेळी संवाद खोडत बसू नका. निवेदकाची वाक्यं तेवढी सलग वाचून काढा. खोट बहुतेक वेळा तिथेच सापडते.

सगळ्यात जास्त घोळ क्रियापदं घालतात. उदाहरणार्थ:

'आज उशीर होईल,' तो म्हणाला.
'पुन्हा?' ती फणकारली.

भांडण तिने उकरून काढलं, असा निकाल लागला. आता हे बघा:

'आज उशीर होईल,' तो दाराशी चपला घालत म्हणाला.
'पुन्हा?' तिने पोळी उलटत विचारलं.

संवाद अक्षर न् अक्षर तोच, पण आता उत्तर द्यायची पाळी त्याच्यावर आली. तो 'समजावतो' आणि ती 'वाद घालते', तो 'गप्प राहतो' आणि ती 'तोंड फुगवते' अशा जोड्या मसुद्यात शोधा. 'नेहमीप्रमाणे' आणि 'अर्थातच' हे शब्दही तपासा. नुसत्या टोमण्याचं काम करत असतील तर काढून टाका.

मराठीत आणखी एक सापळा आहे. 'श्रीधरराव बाहेर आले. सुमन पाट मांडत होती.' नवऱ्याला आदरार्थी बहुवचन, बायकोला एकेरी. निवेदक त्याच घरातला, जुन्या वाड्यातला असेल तर ठीक. तो त्याचा स्वभाव झाला. पण आजच्या फ्लॅटमधल्या जोडप्याबद्दल तटस्थ निवेदक असं बोलू लागला, तर वाचक नकळत एकाला मोठं आणि दुसरीला लहान धरून चालतो.

विनोदाची चूक जास्त लबाड असते. जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'चं (1813) पहिलं प्रकरण जवळजवळ संवादातच आहे. शेवटी निवेदक चार ओळींत सांगून टाकतो: नवरा चतुर, तिरकस; बायको बेताच्या बुद्धीची. आपण लगेच मिस्टर बेनेटच्या बाजूने हसू लागतो. पण घरात पाच मुली, इस्टेट जाणार दूरच्या पुरुष वारसाकडे, आणि बापाने शिल्लक टाकलेली नाही. म्हणजे हास्यास्पद दिसणाऱ्या बाईची काळजी खरीच असते. हे ऑस्टिनला पक्कं माहीत आहे. 42व्या प्रकरणात ती दाखवते की मुलींसमोर बायकोचं हसं करण्याची बापाची सवय त्यांच्या मुलीला, नायिका एलिझाबेथला, कायम खुपत आली आहे. आपल्या हौशी कथांमध्ये हे 42वं प्रकरण येतच नाही, नुसतं हसू उरतं. एकाच्या खर्चाने सतत विनोद होत असेल, तर निदान एका प्रसंगात हसणाऱ्याकडेही रोखून बघा.

प्रथमपुरुषी निवेदनात मात्र उलटी चूक होते: 'मी' सगळ्यांना समान न्याय द्यायला बसते. हरि नारायण आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो'मध्ये यमू स्वतःची कहाणी सांगते आणि तिचे पती रघुनाथराव आपल्याला दिसतात ते तिच्याच मायेतून. तो पक्षपात हेच तिचं व्यक्तिचित्र आहे. तेव्हा 'मी'ला बाजू घेऊ द्या. फक्त तिला न कळलेली एखादी गोष्ट, त्याचं एखादं कृत्य किंवा पत्रातली ओळ, वाचकाला दिसेल अशी ठेवा.

आणि मधेच सूर बदलू नका. पंधरा पानं खट्याळपणे सांगितलेला संसार सोळाव्या पानावर गहिवरून सांगितला, की वाचकाला जोडपं बदलल्यासारखं वाटतं. बदल हवाच असेल तर कारण प्रसंगात घडू द्या.