पिनकोड टाकून नकाशा शोधताय? या चुका टाळा

पिनकोड म्हणजे परिसराची हद्द, असं धरून चालणं ही सगळ्यांत मोठी चूक. बाकीच्या बहुतेक चुका तिच्यातूनच निघतात. श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली ती पत्रांची छाननी सोपी व्हावी म्हणून. शेवटचे तीन आकडे टपाल वाटणारं पोस्ट ऑफिस सांगतात. तेव्हा ४२२००३ हा नाशिकमधल्या पंचवटीच्या पोस्टमनचा इलाका झाला, महापालिकेच्या प्रभागाशी त्याचा संबंध नाही. गुगल मॅप्सवर कोड टाकल्यावर भोवती तुटक लाल रेघ दिसते, तीही ढोबळच असते. आपलं घर रेघेच्या जरा बाहेर पडलं म्हणून लगेच आधारवरचा पत्ता बदलायला धावू नका. टपाल खात्याच्या संकेतस्थळावर कोड शोधायची सोय आहे, तिथे पोस्ट ऑफिसचं नाव टाकून खात्री करा.

नकाशावरच्या फुग्यावर भरवसा ठेवणं ही दुसरी चूक. ४२२०१० टाकलं की फुगा अंबडच्या साधारण मध्यावर कुठेतरी पडतो. तेच लोकेशन टेम्पोवाल्याला पाठवलं, तर तो एमआयडीसीत भलत्याच शेडसमोर जाऊन उभा राहणार. पिनकोडने भागापर्यंत पोचा, मग नकाशा मोठा करून आपलं गेट शोधा, तिथे बोट दाबून धरा आणि पडलेली ती खूण पाठवा. स्क्रीनशॉट नको, लिंक द्या. स्क्रीनशॉटवरून रस्ता लागत नाही.

नुसते सहा आकडे टाकून नकाशा परदेशात गेला, तर घाबरू नका. चीन आणि रशियातही सहा आकडी कोड आहेत. ४२२ने सुरू होणारे कोड चीनच्या हुनान प्रांतात आहेत, तसेच रशियाच्या तातारस्तानातही. कोडच्या पुढे ‘नाशिक’ लिहिलं की प्रश्न मिटतो.

४२२ म्हणजे नाशिक जिल्हा, हे समीकरणही अर्धवट आहे. मालेगाव ४२३२०३, मनमाड ४२३१०४. दोन्ही नाशिक जिल्ह्यातच. आणि ४२३ पाहून नाशिक म्हणावं, तर शिर्डी (४२३१०९) आणि कोपरगाव (४२३६०१) अहिल्यानगर जिल्ह्यात. दुकानाचं डिलिव्हरी क्षेत्र नुसत्या पहिल्या तीन आकड्यांवर ठरवणाऱ्यांनी हे आधी पाहावं.

नावांचा घोळ तर विचारू नका. देवळाली कॅम्प वेगळं, नाशिकरोडजवळचं देवळालीगाव वेगळं आणि देवळाली प्रवरा थेट राहुरी तालुक्यात. गंगापूर शोधलं तर आपल्या नाशिकच्या गंगापूर गावाऐवजी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातला तालुका समोर येऊ शकतो. इथे पिनकोड खरा उपयोगी पडतो: नाव आणि कोड दोन्ही एकत्र टाका. एखादी गल्ली एका नकाशात नसेल तर मॅपल्स किंवा ओपनस्ट्रीटमॅपवर पाहा. ओपनस्ट्रीटमॅपवर राहून गेलेली गल्ली आपल्यालाही भरता येते, आणि ती भरावीच. पुढच्या माणसाची पायपीट वाचते.

आकड्यांत लोकेशन देताना अक्षांश आधी, रेखांश नंतर. नाशिक साधारण २०.०, ७३.८ वर आहे. क्रम उलटला की खूण नॉर्वेच्या उत्तरेला बर्फाळ समुद्रात पडते!

नेमकी जागाच कळवायची असेल तर टपाल खात्याने २०२५मध्ये आणलेला डिजीपिन वापरा. त्याची दहा अक्षर-अंकांची खूण सुमारे चार मीटर लांबी-रुंदीच्या चौकोनापर्यंत नेते. मात्र पाकिटावर पिनकोड लिहायचाच, डिजीपिन त्याच्या जागी आलेला नाही.

आणि प्लॉट घेताना यातला कुठलाच नकाशा हद्दीचा पुरावा म्हणून धरू नका. महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर गट नंबर टाकून जमिनीचा नकाशा पाहा. बांधावरून वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून सरकारी मोजणी करून घ्या.