जुन्या जॅझचे संच काढणाऱ्या छोट्या कंपनीने हिशेब कसा मांडावा

जॅझच्या जुन्या ध्वनिमुद्रणांचे पुनर्प्रकाशन हा धंदा लोक आवडीपोटी सुरू करतात, आणि तो बंद पडतो तो बहुधा गोदामात अडकलेल्या पैशामुळे. किती प्रती काढायच्या, त्या कोणामार्फत विकायच्या आणि परवान्याची मुदत संपण्याआधी त्या संपतील का, या तीन प्रश्नांची उत्तरे पहिली फीत यंत्रावर चढवण्याआधी कागदावर उतरली नसतील, तर पुढची सगळी मेहनत आतबट्ट्याची ठरते. हा हिशेब कसा मांडावा हे खाली सांगितले आहे. नमुना म्हणून अमेरिकेतील कनेटिकट राज्यात, स्टॅमफर्ड येथे असलेली ‘मोझेइक रेकॉर्ड्स’ ही कंपनी समोर ठेवली आहे, कारण या धंद्याची शिस्त तिने घालून दिली आणि त्यातली अडचणही तिनेच सर्वांत स्पष्ट शब्दांत बोलून दाखवली.

मायकल कस्कुना आणि चार्ली लाउरी यांनी १९८२ मध्ये ही कंपनी उभी केली आणि १९८३ मध्ये तिचे पहिले संच बाजारात आले. ‘ब्लू नोट’ या जॅझ ध्वनिमुद्रण कंपनीच्या संग्रहात पियानोवादक थेलोनियस मंक यांची काही अप्रकाशित ध्वनिमुद्रणे कस्कुनांच्या हाती लागली होती. ती स्वतंत्र तबकडी काढण्याइतकी नव्हती आणि टाकून देण्यासारखी तर नव्हतीच. तेव्हा मंक यांनी त्या कंपनीसाठी केलेले सगळेच काम कालक्रमाने एका पेटीत द्यावे, सोबत सविस्तर पुस्तिका आणि छायाचित्रे असावीत, ठरावीक क्रमांकित प्रतीच काढाव्यात आणि त्या दुकानांत न ठेवता टपालाने थेट ग्राहकाला विकाव्यात, असा मार्ग निघाला. यातली प्रत्येक गोष्ट रसिकतेची वाटत असली, तरी तिच्यामागे रोख हिशेब आहे.

विषय निवडताना आपल्याला काय आवडते याच्याइतकेच, मूळ ध्वनिमुद्रणे एकाच मालकाकडे आहेत का, हेही पाहावे. कलावंताने पाच वर्षांत चार कंपन्यांसाठी वाजवले असेल, तर चार करार, चार आगाऊ रकमा आणि चार वकील आले. छोट्या कंपनीला हे डोईजड होते. मोझेइकचे अनेक संच ‘अमुक कंपनीसाठीची संपूर्ण ध्वनिमुद्रणे’ अशा मर्यादेत बांधलेले दिसतात, त्यामागे ही व्यावहारिक सोय आहे.

हक्कांचे दोन थर असतात आणि नवखे प्रकाशक त्यातला दुसरा विसरतात. पहिला थर ध्वनिमुद्रणाचा. तो परवान्याने मिळतो. त्यात आगाऊ रक्कम, विक्रीवरील स्वामित्वधनाचा टक्का, मुदत आणि कोणत्या देशांत विकता येईल हे ठरते. दुसरा थर रचनेचा, म्हणजे धून बांधणाऱ्या संगीतकाराचा आणि त्याच्या प्रकाशकाचा. अमेरिकेत सीडी किंवा एलपीवरील प्रत्येक रचनेमागे, प्रत्येक प्रतीसाठी, कायद्याने ठरवलेला दर द्यावा लागतो. २००६ पासून तो ९.१ सेंट होता, २०२३ मध्ये १२ सेंट झाला आणि आता महागाईप्रमाणे दरवर्षी थोडा वाढतो. पाच मिनिटांहून लांब रचनेला मिनिटांवर आकारणी होते. जॅझमध्ये सात-आठ मिनिटांचे वादन ही नित्याचीच बाब आहे.

संपूर्ण संचाच्या मोहात याचा विसर पडू देऊ नये. एकाच धूनचे तीन टेक, म्हणजे तीन वेळा वाजवून केलेली ध्वनिमुद्रणे, दिले, तर तीन वेळा पैसे द्यावे लागतात. सात सीडींच्या संचात १४० टेक असतील, तर १२ सेंटच्या दरानेही एका संचामागे १६.८० डॉलर केवळ रचनाकारांना जातात आणि त्यात लांबीची जादा आकारणी धरलेलीच नाही. प्रकाशकाशी बोलून दर कमी करून घेता येतो, म्हणून हे बोलणे टेक निवडण्याआधी करावे. अमेरिकेत प्रकाशनाला ९५ वर्षे पूर्ण झालेल्या रचना मुक्त होतात. त्यामुळे १९२० च्या दशकातील धून वाजवणाऱ्या कलावंताचा संच स्वतःच्या रचना वाजवणाऱ्या कलावंताच्या संचापेक्षा स्वस्तात पडतो. श्रोत्याला हे कधीच कळत नाही, हिशेबनिसाला मात्र पहिल्याच पानावर दिसते.

आता एक संच घेऊन आकडे मांडू. आकडे उदाहरणादाखल आहेत, पण प्रमाण वास्तवाला धरून आहे. संच सात सीडींचा, किंमत १२० डॉलर, प्रती २,०००. परवान्याची आगाऊ रक्कम १५,००० डॉलर, फितींचे डिजिटल रूपांतर आणि मास्टरिंग (अंतिम ध्वनिसंस्कार) १२,०००, निबंध, वादकांची व तारखांची सूची आणि छायाचित्रे ६,०००, मांडणी ४,०००. एकूण ३७,००० झाले. सीडी, पेटी आणि पुस्तिका मिळून एका संचाला १८ डॉलर, म्हणजे ३६,०००. पहिली प्रत विकण्याआधी ७३,००० डॉलर बाहेर गेले. या वर वर्षाला १,२०,००० डॉलर पगार, भाडे आणि गोदाम यांवर जात असतील आणि वर्षात चार संच निघत असतील, तर प्रत्येक संचावर आणखी ३०,००० चढतात. वसूल करायची रक्कम १,०३,००० डॉलर.

टपालखर्च ग्राहकाकडून घेऊन संच थेट विकला, तर रचनाकारांचे १७ आणि वेष्टनाचे ३ डॉलर वजा जाता हातात १०० डॉलर उरतात. १,०३० संच विकले की खर्च निघाला. १२ टक्के स्वामित्वधन धरले, तर आगाऊ रक्कमही साधारण याच टप्प्यावर फिटते आणि त्यानंतर परवाना देणाऱ्याला दर संचामागे १४ डॉलरांहून थोडे जास्त द्यावे लागतात. तोच संच वितरक आणि दुकान यांच्यामार्फत विकला, तर छापील किमतीच्या निम्मे, म्हणजे ६० डॉलर हाती येतात. त्यातून तेच २० वजा केले की ४० उरतात. मग खर्च निघायला २,५७५ संच विकावे लागतील आणि काढले आहेत २,०००. म्हणजे शेवटची प्रत विकली गेली, तरी कंपनी तोट्यातच राहते. दुकानात आपला संच मांडलेला पाहण्याचे समाधान मोठे असते हे मान्य, पण ते कितीला पडते हे या दोन आकड्यांवरून समजावे.

प्रतींची संख्या ठरवताना कारखानदार हमखास एक आमिष दाखवतो. ५,००० प्रती काढल्या, तर संच १८ ऐवजी १५ डॉलरला पडेल, असे तो सांगतो आणि ते खरेही असते. परंतु ३६,००० च्या जागी ७५,००० डॉलर अडकतात, म्हणजे नगामागे तीन डॉलर वाचवण्यासाठी पुढच्या संचाचे खेळते भांडवल गोदामात जाऊन बसते. मागील संचाच्या पहिल्या वर्षाच्या थेट विक्रीचा आकडा घ्यावा, तो नसेल तर आगाऊ नोंदणी करून पाहावी आणि त्याच्या दुपटीपलीकडे जाऊ नये. मोझेइकने मर्यादित प्रतींचा आकडा पेटीवरच छापला, त्यामुळे घेऊ की नको अशा विचारात असलेला ग्राहक लवकर निर्णय घेतो. मात्र आकडा एकदा जाहीर केला की तो पाळावा लागतो.

ध्वनिकाम स्वस्तात उरकू नये. त्याच संगीताच्या स्वस्त पेट्या युरोपातून येत असतात, कारण तिथे १९६३ पूर्वी प्रकाशित झालेली ध्वनिमुद्रणे मुक्त झालेली आहेत आणि मूळ फितीऐवजी जुन्या एलपीवरूनही ती उतरवता येतात. त्यांच्याशी किमतीत स्पर्धा करणे शक्य नाही. आपल्याकडे मूळ फीत आहे, एवढाच आपला मुद्दा असतो. फीत हाती येताच तिच्या खोक्यावरील तारीख, टेकचे क्रमांक आणि मॅट्रिक्स क्रमांक (कंपनीने ध्वनिमुद्रणाला दिलेला ओळखक्रमांक) मूळ नोंदवहीशी ताडून पाहावेत, कारण खोके एकाचे आणि आतली फीत दुसऱ्याची, असे जुन्या संग्रहांत आढळते. १९५० च्या दशकातील ॲसिटेटच्या फितीला व्हिनेगरसारखा वास येऊ लागला असेल, तर ती आक्रसू लागली आहे असे समजावे. तिचे जोड सुकून सुटतात, म्हणून वाजवण्याआधी प्रत्येक जोड नव्याने चिकटवावा लागतो. १९७० च्या दशकातील काही फिती चिकट झाल्यावर कमी तापमानाला तापवून वाजवतात, तो उपाय ॲसिटेटवर मुळीच करू नये. या सगळ्याला तंत्रज्ञाचे तास लागतात आणि वर धरलेले १२,००० डॉलर इथेच खर्ची पडतात.

मुंबईत किंवा गोव्यात बसून असा उद्योग करू इच्छिणाऱ्यांना एक वेगळी सवलत आहे. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो, त्यामुळे १९६४ पर्यंत प्रकाशित झालेल्या तबकड्या मुक्त झाल्या आहेत. ताजमहाल हॉटेलात वाजवणारे आणि सी. रामचंद्रांच्या वाद्यमेळातही असणारे हळदोण्याचे चिक चॉकलेट, म्हणजे अंतोनियो झेवियर वाझ, यांच्या काळातील तबकड्या या टप्प्यात येतात. रचनेचा हक्क मात्र रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो, तो वेगळा तपासावा. आणि तोच संच अमेरिकेत पाठवायचा असेल, तर तिथला कायदा लागू होतो. १९५७ पासून १५ फेब्रुवारी १९७२ पूर्वीपर्यंतची ध्वनिमुद्रणे तिथे २०६७ पर्यंत संरक्षित आहेत. परदेशस्थ ग्राहकांच्या भरवशावर प्रतींची संख्या ठरवणाऱ्यांनी हे आधी पाहावे.

स्ट्रीमिंगच्या उत्पन्नावर विसंबू नये. २०२४ पासून स्पॉटिफायवर मागील बारा महिन्यांत १,००० वेळा न ऐकल्या गेलेल्या ध्वनिमुद्रणाला काहीच मिळत नाही, आणि आपल्या संचातील तिसरे-चौथे टेक त्याच वर्गात मोडतात. शिवाय परवाना बहुधा केवळ सीडी-एलपीपुरता असतो. पूरक उत्पन्न शोधायचे, तर आपल्याजवळ आधीच असलेल्या सामग्रीतून शोधावे. ब्लू नोटचे फ्रान्सिस वुल्फ यांनी ध्वनिमुद्रणाच्या वेळी काढलेल्या छायाचित्रांचा संग्रह मोझेइकच्या चालकांकडे आला आणि त्यांच्या छापील प्रतींची विक्री हा कंपनीचा एक जोडधंदा झाला. लॉस एंजेलिसच्या ‘रेझोनन्स रेकॉर्ड्स’ने दुसरा रस्ता धरला. ती ना-नफा संस्थेच्या छत्राखाली चालते, त्यामुळे देणग्या घेता येतात. ज्यांना मालकीहक्काचा आग्रह नाही, त्यांना माझ्या मते हा मार्ग अधिक सुरक्षित आहे.

आणि पैसे खरोखरच कमी पडू लागले, तर गप्प बसू नये. २०१७ मध्ये कस्कुनांनी ग्राहकांना उघड पत्र लिहून कंपनीची ओढाताण सांगितली. त्यानंतर मोझेइकचे काम थांबले नाही, २०१८ मध्ये काउंट बेसी आणि लेस्टर यंग या वादकांचा संच आणि बिल सॅव्हरी यांनी रेडिओवरून टिपलेल्या ध्वनिमुद्रणांच्या संग्रहातील संच असे दोन मोठे संच आले. असे पत्र उपयोगी पडायचे, तर गोदामात विकण्यासारखा माल शिल्लक असला पाहिजे आणि ग्राहकांचे पत्ते वितरकाकडे नव्हे, आपल्याकडे असले पाहिजेत. मदतीचे आवाहन करण्याऐवजी कोणता संच घेतल्याने काय साधेल, हे सांगावे. पत्र पाठवण्याआधी थकलेली स्वामित्वधनाची देणी चुकती करावीत, कारण पुढचा परवाना त्याच माणसांकडे मागायचा असतो.

परवान्याच्या करारात मुदत संपल्यानंतर शिल्लक प्रती विकण्यासाठी किमान सहा महिन्यांचे कलम घालून घ्यावे. ते नसेल, तर उरलेल्या पेट्या विकताही येत नाहीत आणि त्यांचे गोदामभाडे मात्र चालूच राहते. मुदत संपायला वर्ष उरले असताना शिलकीची मोजदाद करावी आणि ‘शेवटच्या इतक्या प्रती’ असे ग्राहकांना खरा आकडा देऊन कळवावे. किंमत उतरवायची झाल्यास ती या शेवटच्या वर्षातच उतरवावी. त्याआधी उतरवली, तर नियमित ग्राहक पुढच्या संचाच्या वेळीही सवलतीची वाट पाहत थांबतात आणि पहिल्या वर्षाच्या विक्रीवर बेतलेला सगळा हिशेब कोलमडतो.