प्रॅक्टिकलला पहिल्यांदा जाताय? आधी बंद करायला शिका

अकरावी सायन्सला किंवा नववीत व्होकेशनल विषय घेऊन यंदा पहिल्यांदाच लॅबमध्ये, वर्कशॉपमध्ये पाऊल टाकणाऱ्या मुलांसाठी हे लिहितोय. फोंडा भागातल्या एका शाळेत मी बरीच वर्षं ही दोन्ही सांभाळतो. पहिल्या तासाला मुलांना एकच काम देतो: इथली प्रत्येक गोष्ट बंद कशी होते ते मला दाखवा. गॅसचा कॉक, मेन स्विच, ड्रिलचं लाल बटण. चालू करणं पुढच्या तासाला.

याला कारण आहे. आपल्याकडे पावसात लाईट सारखी जाते-येते. एकदा एक मुलगा ड्रिल मशीनवर लोखंडी पट्टीला भोक पाडत होता, तेवढ्यात लाईट गेली. मशीन थांबलं. स्विच तसाच ठेवून तो बिटाला गुंडाळलेला किस काढायला बोटं पुढे नेऊ लागला. मी ओरडलो, त्याने हात मागे घेतला, आणि लाईट आली. बिट पुन्हा गरगर फिरू लागलं. लेथच्या (धातूचा तुकडा फिरवत कापायच्या मशीनच्या) स्टार्टरमध्ये सहसा नो-व्होल्ट कॉइल असते. वीज गेली की संपर्क सुटतो आणि बटण पुन्हा दाबेपर्यंत मशीन चालू होत नाही. साध्या स्विचच्या ड्रिलला, ग्राइंडरला ती सोय नसते. म्हणून लाईट गेली की हात आधी स्विचवर गेला पाहिजे. किस काढायचा तो मशीन बंद करून, ब्रशने. फिरत्या मशीनवर हातमोजे तर नकोतच. घरचे काळजीने घेऊन देतात, पण मोजा अडकला की हातही ओढला जातो. ओढणी, सुटे केस, मनगटावरचा दोरा यांचंही तेच. चकची, म्हणजे बिट धरणाऱ्या जबड्याची चावी चकमध्येच विसरून मशीन चालू केलं तर ती गोळीसारखी सुटते.

पावसाळ्यात भिंतीला ओल येते, तेव्हा सॉकेटकडेही लक्ष ठेवा. लॅबच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच) आहे का, त्याचं टेस्ट बटण दाबल्यावर तो पडतो का, हे सरांना, टीचरना विचारायला लाजू नका. त्यांना राग येणार नाही, आणि आला तरी विचारा.

केमिस्ट्रीत मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती तोंडाने पिपेट, म्हणजे द्रव मोजून घ्यायची काचेची नळी, ओढण्याच्या सवयीची. वरची मुलं तसं करतात म्हणून नवी मुलंही करतात. टायट्रेशनमधलं ऑक्झॅलिक ॲसिड विषारी आहे. रबरी बल्ब मागून घ्या. सल्फ्युरिक ॲसिड पातळ करताना ॲसिड पाण्यात, थोडं थोडं, ढवळत. उलटं केलं तर उष्णतेने ते उसळून अंगावर येतं. परीक्षानळी तापवताना तिचं तोंड कुणाकडेही नको, स्वतःकडेही नको. बर्नर पेटलेला असताना स्पिरिटची बाटली टेबलावर नको. गॉगलला जर्नलसारखे मार्क नसतात, म्हणून ते कपाटात पडून राहतात. मागून घ्या आणि घाला.

शाळांमध्ये आता रोबोटिक्स आलंय, म्हणजे सोल्डरिंगही, सोल्डर वितळवून तारा जोडणं, आलं. सोल्डरिंग आयर्नचं टोक साडेतीनशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापतं आणि दिसायला थंडच दिसतं. ते हातातून सुटलं तर पकडायला जाऊ नका, पडू द्या. सोल्डरमध्ये शिसं असू शकतं, तेव्हा खिडकी उघडी ठेवा आणि डबा खाण्याआधी हात साबणाने धुवा. फुगलेली लिथियम बॅटरी चार्जिंगला लावायची नाही.

भाजलं तर टूथपेस्ट, हळद, बर्फ काही लावू नका. नळाच्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरा, घड्याळ बघून. ॲसिड किंवा कॉस्टिक डोळ्यात गेलं तर लगेच पापण्या उघड्या धरून तेवढाच वेळ पाणी सोडा, आणि ते चालू असतानाच कुणाला तरी १०८ ला फोन करायला सांगा. कशाची बाटली होती तेही फोनवर सांगा. बाटली सोबत पाठवता आली तर डॉक्टरांना अंदाज बांधायला लागत नाही.