घरच्या गांजावरची भुरी आणि कीड: कळ्या धरण्याआधीच बंदोबस्त

कळ्या धरल्या की फवारणीचा पंप धुऊन कपाटात ठेवायचा. बाकी सगळी कामं या एका नियमाच्या मागेपुढे बसवायची, म्हणून तो आधी सांगते.

मी निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागायतदाराची मुलगी. आता राहते कॅनडातल्या ओंटारिओत, सेंट कॅथरिन्सला. इथेही नायगाराच्या पट्ट्यात चहूबाजूंना द्राक्षबागाच आहेत, त्यामुळे भुरी (पानांवर पांढरं पीठ धरणारी बुरशी) आणि डाऊनी (ओल्या पानावर येणारा केवडा रोग) यांचं बोलणं इथेही सुटलेलं नाही. आमचे अण्णा काढणीच्या किती दिवस आधी कुठलं औषध थांबवायचं, हे वहीत लिहून ठेवत. द्राक्षाला तो हिशेब चालतो. औषध उन्हात विरतं, घड धुता येतो, मणी पोटात जातो. गांजाची कळी चिकट राळेनं माखलेली असते. तिच्यावर जे पडेल ते तिथेच बसतं, आणि पुढे ती तापवून तिची वाफ सरळ फुप्फुसात घेतली जाते. माझ्या यजमानांना मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार आहे. रात्री पायांत गोळे येतात, स्नायू आखडतात, म्हणून ते डॉक्टरांना विचारून गांजा घेतात. मूळ आजारावरच्या औषधानं त्यांची प्रतिकारशक्ती दबलेली असते. अशा माणसाला बुरशी लागलेली कळीही चालत नाही आणि औषध मारलेली कळीही चालत नाही.

कायद्याचं दोन ओळींत सांगते. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून प्रौढ माणसाला घरी गांजा लावता येतो, पण एका घरात जास्तीत जास्त चार झाडं, आणि बी किंवा रोप कायदेशीर ठिकाणाहून घेतलेलं. क्वेबेकमध्ये घरी लावायला मनाई आहे आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती वैध ठरवली. भारतात १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली परवान्याशिवाय गांजाचं झाड लावणं गुन्हा आहे. त्यामुळे पुढचं सगळं, जिथे परवानगी आहे तिथे राहणाऱ्यांसाठी.

आता भुरी. ती आधी खालच्या, जुन्या, सावलीतल्या पानांवर येते. पानाच्या वरच्या बाजूला मुगाच्या डाळीएवढा पांढरट ठिपका दिसतो. बोट फिरवा. पीठ बोटाला लागलं आणि खालचं पान अजून हिरवं दिसलं, तर ती भुरी. नवीन माणूस इथेच गोंधळतो, कारण ऑगस्टमध्ये कळ्यांजवळची छोटी पानंही पांढरी चमकायला लागतात. ते राळेच्या ग्रंथींमुळे. त्यांवर बोट फिरवलं तर बोट चिकट होतं आणि वास दरवळतो, पीठ काही निघत नाही. चाळीसपट मोठं दाखवणारं भिंग इथे स्वस्तात मिळतं, ते घ्याच. भिंगातून ग्रंथी म्हणजे बारीक देठावर बसलेला गोल पारदर्शक थेंब दिसतो. भुरी म्हणजे पानाला चिकटून आडवेतिडवे पसरलेले धागे, आणि त्यांवर एकावर एक रचल्यासारखे उभे बीजाणू. एकदा दोन्ही शेजारी शेजारी बघितलं की पुन्हा चूक होत नाही.

बरेच जण म्हणतात, आम्ही पानांवर पाण्याचा थेंब पडू देत नाही, तरी भुरी आली कशी? डाऊनीला ओलं पान लागतं, भुरीला लागत नाही. कोरड्या पानावरही तिचे बीजाणू रुजतात. साधारण वीस ते सत्तावीस अंश तापमान, दमट हवा, गर्दी आणि सावली, एवढं तिला पुरतं. शेजारच्या द्राक्षबागेतून ती येते असंही समजू नका. द्राक्षावरची भुरी इरिसायफी नेकॅटर या बुरशीची, ती गांजावर जगत नाही. गांजावर मुख्यतः गोलोव्हिनोमायसिस गटातली बुरशी येते. हॉप्सवरची (बिअरमध्ये ज्याची फुलं घालतात तो वेल) भुरी मात्र गांजावर येऊ शकते, कारण दोन्ही झाडं एकाच कुळातली. कुंपणावर शोभेसाठी हॉप्सचा वेल चढवला असेल तर झाडं त्याच्यापासून लांब लावा.

द्राक्षातून मी इथे एकच काम जसंच्या तसं आणलंय, ते म्हणजे फेलफुटी काढणं. जुलैच्या शेवटापर्यंत झाडाचा खालचा एक तृतीयांश भाग मोकळा करायचा. खोडाजवळच्या, उन्हापर्यंत कधीच न पोचणाऱ्या बारीक फांद्या आणि आतली मोठी पानं काढून टाकायची. सगळं एकाच दिवशी नको, चार-पाच दिवसांच्या अंतरानं थोडं थोडं. झाडाच्या अलीकडे उभं राहून पलीकडचं कुंपण फांद्यांमधून तुकड्या-तुकड्यांनी दिसलं पाहिजे. दोन झाडांत पाच फूट अंतर ठेवा. पाणी सकाळी आणि बुंध्याशी द्या. नत्राचा हात आवरता ठेवा. गर्द हिरवी, लुसलुशीत पानं बघून आपल्याला बरं वाटतं, पण तीच भुरीला आणि माव्याला आधी बळी पडतात.

घरात तंबू लावून वाढवणाऱ्यांसाठी पंखा दिव्यापेक्षा महत्त्वाचा. दिवे बंद झाले की तापमान उतरतं आणि हवेतला दमटपणा वर चढतो, म्हणून पंखा रात्रीच जास्त लागतो. वाढीच्या काळात आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका, कळ्या धरल्यावर पंचेचाळीस ते पन्नास ठेवा. आर्द्रतामापक झाडांच्या मधोमध टांगा. भिंतीवर लावला तर तो भिंतीजवळची हवा सांगतो.

भुरी दिसलीच तर आधी पान, मग औषध. कागदी पिशवी पानाखाली धरा, पान हळूच कापून तिच्यात पडू द्या, पिशवीचं तोंड बंद करून कचऱ्यात टाका. तसंच ओढलं तर बीजाणू झाडभर उडतात. त्यानंतर पोटॅशियम बायकार्बोनेट. ते पानावरच्या बुरशीला जागेवर मारतं, झाडात शिरत नाही, म्हणून पानाच्या दोन्ही बाजू भिजल्या पाहिजेत आणि लेबलावरच्या अंतरानं पुन्हा मारलं पाहिजे. स्वयंपाकघरातला खाण्याचा सोडा वापरू नका, त्यातलं सोडियम कुंडीच्या मातीत साचत जातं. गंधकही चालतं, पण फक्त कोवळ्या वाढीत. तीस अंशांच्या वर पानं करपतात, आणि तेलाच्या फवारणीला दोन आठवडे झालेले नसतील तर गंधकाला हात लावायचा नाही. यातलं काहीही आधी दोन-तीन पानांवर मारून दुसऱ्या दिवशी बघा, मग झाडभर, आणि तेही ऊन उतरल्यावर.

डबा घेताना लेबलावर हेल्थ कॅनडाचा नोंदणी क्रमांक आणि पिकांच्या यादीत कॅनबिस हा शब्द, दोन्ही शोधा. नसतील तर डबा परत ठेवा. असं ठासून सांगायचं कारण मायक्लोब्युटानिल. द्राक्षाच्या भुरीवर ते आपल्याकडे सर्रास मारलं जातं. पण तेच तापवलं की हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायू तयार होतो. २०१६ च्या अखेरीस आणि २०१७ च्या सुरुवातीला इथल्या काही परवानाधारक उत्पादकांच्या मालात हे सापडलं आणि माल बाजारातून परत मागवावा लागला. घेणाऱ्यांत आजारी माणसं होती. नाशिकहून येताना बॅगेत औषधाची पुडी टाकून आणणारे लोक मला माहीत आहेत. कृपा करून असलं काही आणू नका.

कडुनिंबाचं काय, हा प्रश्न प्रत्येक मराठी माणूस विचारतो. कॅनडात कडुनिंबाचं तेल कीडनाशक म्हणून नोंदवलेलं नाही. दुकानात पानं चमकवण्यासाठी म्हणून मिळतं. कळीवर तर नकोच, त्याचा उग्र वास आणि तेल दोन्ही तिथे राहतं. आंबट ताकाची फवारणी मी गावी पाहिलेली आहे. ब्राझीलमध्ये १९९९ साली झुकिनीवरच्या भुरीवर दूध-पाण्याचा प्रयोग प्रसिद्ध झाला आणि दहा टक्क्यांच्या पुढे दुधाचा परिणाम चांगला दिसला. पण दुधातलं प्रथिन झाडावर राहतं आणि त्यावर दुसरीच बुरशी वाढायची भीती असते, म्हणून दूध-ताक भोपळ्या-काकड्यांवर मारते, गांजावर नाही.

किडींमध्ये सगळ्यात चिवट लाल कोळी. कोरड्या, तापलेल्या हवेत, तिशीच्या आसपास तापमान असताना, आठवड्या-दीड आठवड्यात त्याची एक पिढी पुरी होते. पानाच्या वरच्या बाजूला सुईनं टोचल्यासारखे फिकट ठिपके दिसले की पान उलटा. पांढऱ्या कागदावर फांदी झटका, टिंबं चालायला लागली तर कोळी आहे. जाळी दिसेपर्यंत थांबलात तर फार उशीर झाला. पानाच्या मागच्या बाजूवर जोरात पाणी मारून धुणं हा पहिला उपाय, मग कीडनाशक साबण, तीन-चार दिवसांनी पुन्हा, कारण साबणानं अंडी मरत नाहीत. माझा खरा भरवसा मात्र मित्रकोळ्यांवर आहे. फायटोसेयुलस पर्सिमिलिस नावाचा नारिंगी कोळी लाल कोळी सोडून दुसरं काही खात नाही. तो डबीत भुश्याबरोबर मिळतो, पानांवर शिंपडायचा. हवा फार कोरडी असली तर त्याची अंडी सुकतात, म्हणून तो जूनमध्येच सोडा आणि साबणाच्या फवारणीनंतर किमान दोन दिवस थांबा. कळ्या धरल्यावरही वापरता येईल असा उपाय हाच आहे.

मावा शेंड्यांवर आणि पानांमागे बसतो, मुंग्या चढताना दिसल्या की समजा. पाण्याच्या धारेनं निम्मा जातो. उरलेला ढालकिडे खातात, त्यांना खाऊ द्या. फुलकिड्यांना निळे चिकट कागद. कुंडीभोवती चिलटं फिरत असतील तर पाणी जास्त होतंय, वरची दोन बोटं माती सुकू द्या. जपानी भुंगेरे जुलैत येतात, हिरव्या डोक्याचे आणि तांबूस पाठीचे. पहाटे ते सुस्त असतात, तेव्हा साबणाच्या पाण्याचं भांडं खाली धरून फांदी टिचकवली की टपाटप आत पडतात.

अळीकडे लक्ष द्या. मक्यावरचा युरोपीय खोडकिडा गांजातही शिरतो. खोडाला बारीक छिद्र आणि बाहेर भुश्यासारखी विष्ठा दिसली की ती फांदी छिद्राच्या खालून कापा. बीटी जिवाणूची फवारणी लहान अळ्यांवरच चालते, त्यांनी ती खावी लागते आणि उन्हात ती काही दिवसांतच निकामी होते, म्हणून संध्याकाळी, आणि कळ्या धरायच्या आत.

सप्टेंबरात मी भुरीपेक्षा कूज शोधते. दिवस उबदार, रात्री थंड, पहाटे तळ्याकडून येणारं धुकं आणि दव. बोट्रायटिस, म्हणजे राखाडी बुरशी, जाड कळीच्या आतून सुरू होते. बाहेरून कळी छान दिसते, फक्त तिच्यातलं एखादं छोटं पान उगाच पिवळं पडून मलूल होतं. ते पान धरून हलकं ओढा. निरोगी पान ओढ घेतं, कुजक्या कळीतलं अलगद हातात येतं. कळी उकलली की आत तपकिरी, मऊ झालेला गाभा आणि त्यावर राखाडी लव. खाली पिशवी धरून, कुजलेल्या भागाच्या खाली दोन-तीन सेंटीमीटर चांगल्या फांदीत कात्री लावा, आणि प्रत्येक कापानंतर कात्री आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. वरची चांगली दिसणारी कळीही त्याच पिशवीत जाऊ द्या. हात जड होतो, मला कळतं. पण इथे काटकसर करू नका.

पाऊस झाला की झाडं हळूच झटकून घ्यावीत. त्याहून चांगलं म्हणजे, नाशिकला अवकाळी पावसासाठी द्राक्षबागेवर प्लॅस्टिकचं आच्छादन घालतात, तसं चार खांबांवर वरून पारदर्शक छप्पर आणि बाजू उघड्या. दव पानांवर बसतच नाही. आणि ज्यांना ही धावपळ झेपणार नाही त्यांनी आपोआप फुलणारं वाण घ्यावं. बी पेरल्यापासून दहा-बारा आठवड्यांत ते कापणीला येतं. मेअखेर रोप बाहेर गेलं तर ऑगस्टमध्ये, दवाच्या दिवसांआधीच झाड घरात. मी आता चारातली दोन झाडं याच वाणाची लावते, आणि बाहेर लावणार असाल तर सुरुवात यानंच करा असं सांगेन.

कापणीनंतरही बुरशीला वाव असतो. फांद्या एकमेकींना न लागता उलट्या टांगा, अंधारात, सोळा ते अठरा अंशांत, पंचावन्न ते साठ टक्के आर्द्रतेत. पंख्याचा झोत कळ्यांवर नको, खोलीत हवा फिरती असावी. आठ-दहा दिवसांनी बारीक काडी वाकवल्यावर कट्कन मोडली की काचेच्या बरणीत भरा. पहिले दोन आठवडे बरणी रोज उघडून पाच-दहा मिनिटं वारं लागू द्या. उघडताना कुबट किंवा अमोनियासारखा वास आला तर सगळं ताटात पसरून एकेक कळी भिंगाखाली घ्या. राखाडी लव किंवा पांढरे धागे दिसले तर ती बरणी आख्खी टाकून द्यायची.