रोममधल्या ‘त्या’ पायऱ्या शोधायच्या कशा

पहिलं ध्यानात घ्या, जेमोनियन पायऱ्या, म्हणजे जुन्या रोममध्ये मारलेल्यांची प्रेतं टाकायची ती जागा, बघायला जायलात तर तिथं पायऱ्याच नाहीत. मी पण अर्धा तास फोन गोल गोल फिरवत उभा होतो, एका गाईडनं बाजूच्या नव्या जिन्याकडं बोट करून हेच ते म्हणलं, मी लगेच फोटो काढून गावाकडच्या ग्रुपवर टाकला आणि मग गुपचूप डिलीट मारला.

जमलं तर निघायच्या आधी आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला चक्कर मारा, तिथल्या लामतुरे म्युझियममध्ये सातवाहन काळातला रोमशी व्यापार दिसतो. तेव्हाचं तगर ते हेच, इथला आन् पैठणचा माल भडोच बंदरात जायचा. मग रोम एवढं परकं वाटत नाही.

रोमला पोचल्यावर मेट्रोच्या बी लाईननं कोलोसेओला (कोलोसियमच्या स्टेशनला) उतरा, मोठ्या रस्त्यानं पियात्सा वेनेत्सिया चौकाकडं चला, फोरम, म्हणजे जुन्या रोमच्या मुख्य चौकाचे अवशेष, डाव्या हाताला ठेवा. शेवटाकडं सुतारांचं चर्च लागतं, त्याच्याखाली मामेरटाईन तुरुंग. तिकीट आहे, पण काढा. वरच्या खोलीच्या फरशीला गोल भोक आहे, त्यातून कैद्याला खालच्या अंधाऱ्या खोलीत सोडायचे, आपल्याकडं आडात बादली सोडतात तसं. गॉल लोकांचा पुढारी वर्सिंजेटोरिक्स इसपू 46 मध्ये इथंच संपवला.

बाहेर येऊन तुरुंगाकडं पाठ करून उभे राहा. समोर जरा उजवीकडं बादशहा सेव्हेरसची कमान दिसंल, ती इस 203 ची, म्हणजे पायऱ्यांच्या गोष्टींपेक्षा बरीच नवी, ती मनातून पुसून टाका. उजव्या हाताला कॉन्कॉर्ड देवीच्या देवळाचा नुसता चौथरा राहिलाय. तुरुंग आन् चौथरा यांच्या मधून टेकडीवर चढणारा जिना धरा, अभ्यासक साधारण तीच जागा मानतात.

मारलेल्यांची प्रेतं याच पायऱ्यांवर टाकायचे, सगळ्या फोरमला दिसावीत म्हणून, आणि मग आकडा लावून टायबर नदीपर्यंत ओढत न्यायचे. इस 31 मध्ये 18 ऑक्टोबरला सेजानस, कालपर्यंत बादशहा टायबेरियसचा उजवा हात, त्याला मारलं आन् त्याच्या प्रेताची लोकांनी तीन दिवस विटंबना केली. इस 69 च्या डिसेंबरात तर खुद्द बादशहा विटेलियसला हात मागं बांधून, हनुवटीखाली तलवारीचं टोक लावून, मान खाली घालता येऊ नये म्हणून, इथवर आणलं आन् इथंच मारलं.

पण माझ्या डोक्यात बसलंय ते कुत्रं. रोमन लेखक प्लिनीनं लिहून ठेवलंय, इस 28 मध्ये टिशियस सबायनस नावाच्या रोमन माणसाला त्याच्या गुलामांसकट मारलं, त्यांच्यातल्या एकाचं कुत्रं प्रेताजवळून हलेना, ओरडत बसलेलं, कोणीतरी तुकडा टाकला तर यानं तो उचलून मेलेल्या मालकाच्या तोंडाशी नेला.

हे वाचून झालं की विया दि सान पिएत्रो इन कार्चेरे या रस्त्यानं टेकडी चढा, वर मागच्या बाजूनं सगळं फोरम फुकट दिसतं. उन्हाळ्यात बाटली सोबत ठेवा, रस्त्यावरच्या नळांना गार पाणी असतं, विकत घेऊ नका. उतरून नदीपर्यंत चालत जा. मालकाचं प्रेत टायबरमध्ये टाकल्यावर ते कुत्रं पण उडी मारून त्याला पाण्यावर धरून ठेवायला बघत होतं म्हणं.